पेसमेकर सांगितलाय? आधी काय विचाराल, नंतर काय सांभाळाल

डॉक्टरांनी ‘पेसमेकर बसवावा लागेल’ असं सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, ‘नाही बसवला तर चालेल का?’ दोन्ही रास्त आहेत. पेसमेकर म्हणजे हृदयाचा मंद ठोका सावरणारी, छातीच्या कातडीखाली बसवायची छोटी डबी. पण त्याआधी एक प्रश्न विचारा. हृदयाचा ठोका नेमका किती मंद झाला, कधी झाला आणि त्याची नोंद कुठल्या कागदावर आहे? मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि पेसमेकरची कामं होतात त्या खोलीत, तंत्रज्ञ आहे. पेसमेकर बसवताना त्याच्या वायरींची विजेची मापं घेणं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच पेशंटच्या पेसमेकरची तपासणी करणं हे माझं काम. त्यातून मला एक पक्कं पटलं आहे. ज्या घरात नोंदी नीट ठेवल्या जातात, तिथे पेसमेकरचा निर्णयही बरोबर होतो आणि नंतरची वर्षंही सुरळीत जातात.

बिघाड कुठे होतो

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. माणूस निवांत बसलेला असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची बारीकशी लाट सोडतो. ती लाट वरच्या कप्प्यांतून मधल्या एव्ही नोडपर्यंत येते आणि तिथे सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते. तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरतं. मग लाट खालच्या कप्प्यांत पसरते आणि मनगटावर लागणारा ठोका पडतो.

बिघाड दोन ठिकाणी होतो. सायनस नोड थकला तर लाटाच कमी निघतात, मधूनच तीन-चार सेकंद काहीच निघत नाही. दुसऱ्या प्रकारात लाट निघते, पण खाली पोचत नाही. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. पूर्ण ब्लॉक झाला की खालचे कप्पे स्वतःच्या हिमतीवर मिनिटाला तीस-चाळीस ठोके मारत राहतात आणि त्यांचा भरवसा धरता येत नाही.

इथे एक गैरसमज रोज भेटतो. ‘ब्लॉक’ म्हटलं की नातेवाईक अँजिओग्राफीची फाइल पुढे करतात आणि विचारतात, ‘ताई, यात तर सगळं नॉर्मल लिहिलंय, मग ब्लॉक कुठला?’ अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. विजेच्या वाटा त्यात दिसत नाहीत. नळ्या स्वच्छ असूनही हार्ट ब्लॉक असू शकतो. पेसमेकरने नळी उघडत नाही, हार्ट अटॅक टळत नाही. आणि स्टेंट टाकल्याने अशा पेशंटची म्हातारपणी झिजलेली विजेची वाट दुरुस्त होत नाही.

नाडी मोजा आणि ईसीजीही काढा

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवा. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण ठोका अनियमित असला तर तो हिशेब फसतो. आकडा, तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय होत होतं ते वहीत लिहा. ‘जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी, नाडी ३८’ ही एक ओळ डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

बोटाला लावायच्या यंत्रावर किंवा बीपीच्या मशीनवर मात्र विसंबू नका. मधूनमधून जादा, कच्चा ठोका पडत असेल तर तो मनगटापर्यंत पोचतच नाही. ईसीजीत ७६ ठोके असतात आणि यंत्र ३८ दाखवतं. अशा माणसाला पेसमेकरची गरज नसते. म्हणून चक्कर चालू असतानाच ईसीजी निघाला तर सोन्याहून पिवळं. गावात डॉक्टर असतील तर तसंच उठून जा आणि ईसीजीची पट्टी काढून घ्या. चक्कर कधीमधीच येत असेल तर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. त्यात सापडलं नाही तर आणखी जास्त दिवसांचा. होल्टर लावला म्हणून अंथरुणात पडून राहू नका. ज्या कामाने चक्कर येते तेच काम त्या दिवशी बेताने करा, जवळ माणूस ठेवून. माणूस बेशुद्ध होऊन पडला असेल तर मात्र वही-होल्टरची वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

कधी लागतो, कधी थांबायचं

पूर्ण हार्ट ब्लॉक, किंवा मधले ठोके अचानक गळून पडणारा गंभीर पायरीचा ब्लॉक, यात पेशंटला काही त्रास जाणवत नसला तरी बहुतेक वेळा पेसमेकर सांगतात, कारण ठोका कधी अचानक थांबेल सांगता येत नाही. सायनस नोडच्या आजारात हिशेब वेगळा. तिथे मंद ठोका आणि चक्कर, धाप, थकवा यांचा मेळ बसला पाहिजे. काहींचा ठोका कधी फार जलद, कधी फार मंद असतो. जलद ठोक्याची गोळी दिली की मंद आणखी मंद होतो. अशांना पेसमेकर बसवला की गोळी निर्धास्त देता येते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरचे कप्पे लय सोडून नुसते थरथरतात त्या आजारात, ठोक्यांमध्ये लांब थांबे येत असतील, किंवा हृदयाची झडप बदलल्यानंतर ब्लॉक राहिला असेल, तरीही लागतो.

आता थांबायचं कधी. रात्री झोपेत ठोका ४०-४५ वर येणं अनेकांत साधं असतं. नियमित धावणाऱ्या तरुणाचा दिवसाही पन्नासच्या खाली असतो, त्याला काहीही करायचं नसतं. बीपीच्या काही गोळ्या ठोका मंद करतात. किडनीच्या पेशंटमध्ये पोटॅशियम वाढलं तर ठोका धोकादायक रीतीने घसरतो आणि पोटॅशियम उतरवलं की सावरतो. थायरॉइड कमी असला तरी तसंच. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक आल्यावर होणारा ब्लॉक बऱ्याचदा काही दिवसांत सुटतो. तेवढे दिवस मानेतून किंवा जांघेतून तात्पुरती वायर घालून बाहेरच्या डबीवर ठोका चालवतात. ती डबी म्हणजे कायमचा पेसमेकर नव्हे, घाबरू नका.

आमच्याकडे एक काकू आल्या होत्या, ठोका चाळिशीच्या आत, सतत गरगरतंय. पेसमेकरची तारीख घ्यायलाच आल्या होत्या. औषधांच्या यादीत बीपीची ठोका मंदावणारी एक गोळी होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘डोळ्यांत काही घालता का?’ काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ. ते थेंब औषध म्हणून कुणी यादीत धरलेच नव्हते, पण ते रक्तात उतरतात आणि त्याच जातीच्या गोळीत भर घालतात. हृदयाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिळून दोन्ही औषधं बदलली, ठोका साठीच्या वर आला आणि पेसमेकर लागला नाही. म्हणून यादीत थेंब, मलम, पुड्या, काढे, सगळं लिहा. मात्र यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, अचानक बंद केल्यानेही घात होतो.

डबी करते काय

पेसमेकर म्हणजे टायटॅनियमची बंद डबी, वजन साधारण २० ते ३० ग्रॅम. आत लिथियमची बॅटरी आणि सर्किट. तिच्यातून एक किंवा दोन वायरी शिरेतून हृदयात जातात आणि टोकाच्या बारीक स्क्रूने आतल्या भिंतीला धरून राहतात.

ती सतत विजेचे ठोके देत बसत नाही. समजा ६० वर लावली आहे. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर ती एक सेकंद वाट पाहते. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसते आणि पुन्हा सेकंद मोजायला लागते. नाही आला तर दोन-अडीच व्होल्टचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा स्पंद सोडते. पेशंटला तो सहसा जाणवत नाही. छातीत झटका बसतो ते यंत्र वेगळं, आयसीडी. जीवघेण्या जलद ठोक्यासाठी असतं ते. चालताना, चढताना ठोका वाढवण्याचीही सोय बहुतेक पेसमेकरमध्ये असते. हालचाल ओळखणारा सेन्सर आत असतो.

एक वायर की दोन? वरचे कप्पे कायमचे फिब्रिलेशनमध्ये असतील तर खालची एक वायर पुरते. वरचे कप्पे चांगले चालत असतील आणि बिघाड मधल्या वाटेत असेल तर साधारणपणे दोन वायरी सुचवतात, कारण वर-खाली ताळमेळ राहिला नाही तर काहींना मानेत धडधड आणि थकवा जाणवत राहतो. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या काही जणांना सीआरटी, म्हणजे खालचे दोन्ही कप्पे एकत्र चालवणारा तीन वायरींचा पेसमेकर, लागतो. वायरच नसलेला, थेट हृदयात सोडायचा कॅप्सूलसारखा पेसमेकरही आता मिळतो. शिरा खराब झालेल्या किंवा संसर्गाचा धोका जास्त असलेल्या पेशंटला त्याचा खरा उपयोग, पण किंमत बरीच. आणखी एक प्रश्न विचाराच: खालच्या वायरीवर हृदय बहुतेक वेळ अवलंबून राहणार असेल तर ती कुठे बसवणार? उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी वर्षानुवर्षं ठोका दिल्याने काहींचं पंपिंग उतरतं. म्हणून अलीकडे अनेक ठिकाणी वायर हृदयाच्या मूळ विजेच्या वाटेजवळ, डाव्या फांदीपाशी बसवतात.

खर्चाचं एवढंच सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकरचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मंद ठोक्याची नोंद असलेला ईसीजी घेऊन तिथे जा. मंजुरी त्या कागदावरच मिळते.

बसवताना आणि पहिले दीड महिने

भूल फक्त तेवढ्या जागेला देतात. गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, दोन इंचांचा छेद, शिरेतून वायर, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती जागेवर न्यायची. पेशंट जागा असतो, बोलत असतो. माझी मापं झाली की डॉक्टर वायर डबीला जोडतात आणि कातडीखालच्या खिशात डबी ठेवून टाके घालतात. सगळं सुरळीत गेलं तर तास-दीड तासाचं काम, एक-दोन दिवसांत घरी.

वायर भिंतीत पक्की धरायला सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. मांडणीवरचा डबा काढणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, हंडा उचलणं, चाऱ्याचा भारा डोक्यावर घेणं, सगळं बंद. पण हात गळ्यात अडकवून ठेवू नका! घाबरून हात अजिबात न हलवणारी माणसं दोन महिन्यांनी आखडलेला खांदा घेऊन येतात आणि तो त्रास पेसमेकरच्या जखमेपेक्षा कितीतरी जास्त असतो. जेवा, भाकरी थापा, पोथी वाचा, खालच्या पातळीवर हात चालू ठेवा. बायकांना अंतर्वस्त्राचा पट्टा नेमका त्या जागी काचतो, तिथे मऊ सुती घडी ठेवा. कातडीखालची डबी बोटांनी फिरवत बसण्याची काहींना सवय लागते. त्याने वायर पिळून जागेवरून निघते.

जखम लाल झाली, फुगली, पाणी आलं, ताप आला तर लगेच दाखवा. फुगवटा दिसला म्हणून दुसऱ्या कुणाकडून सुई घालून पाणी काढून घेऊ नका, त्याने आत जंतू जातात आणि मग पेसमेकर वायरींसकट काढायची पाळी येते. उचकी थांबेना, पोटाचा स्नायू ठोक्याच्या लयीत उडतोय, किंवा जुनी चक्कर परत आली, तर वायर हलल्याची शक्यता असते. त्याच दिवशी या.

घरात, शेतात, बाजारात

टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सगळं चालतं. इंडक्शनच्या शेगडीपासून छाती दोन फूट लांब ठेवा. डबी डावीकडे असेल तर मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात नको. डबीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब, उजव्या कानाला. काही नव्या फोनमध्ये आणि त्यांच्या चार्जरमध्ये लोहचुंबक असतो. चुंबक जवळ आला तर पेसमेकर बंद पडत नाही. हृदयाचं ऐकणं थांबवून एका ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो आणि चुंबक दूर गेला की पूर्ववत होतो. तरी ते टाळायचंच. म्हणून ओळखीतून विकल्या जाणाऱ्या चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे पेसमेकरवाल्या माणसासाठी घेऊ नका. कंबरदुखीला शेक देणाऱ्या फिजिओथेरपिस्टला आधी सांगा. विजेच्या लहरींचा खोल शेक, म्हणजे डायथर्मी, पूर्ण वर्ज्य.

शेतकऱ्यांसाठी दोन गोष्टी. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लागू देऊ नका. आणि मोटर, गिझर, पाण्याचा नळ यांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याच दिवशी अर्थिंग बघून घ्या. सगळ्यांसाठीच ते धोक्याचं, पण अंगातून झिरपणारा तो बारीक प्रवाह पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटू शकतो आणि तो गप्प बसतो. वेल्डिंगचा धंदा असेल तर काम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मॉल, देऊळ, स्टेशनवरच्या तपासणीच्या चौकटीतून न थांबता चालत जा. हातातलं यंत्र छातीवर रेंगाळू देऊ नका, कार्ड दाखवा.

ते कार्ड कपाटात ठेवायचं नाही. पाकिटात मूळ, मोबाइलमध्ये फोटो, आणि एक फोटो मुलाकडे किंवा सुनेकडे. त्यावर कंपनी, मॉडेल, क्रमांक आणि वायरींचीही नावं असतात. एमआरआय करायची वेळ आली की तेच लागतं. डबी आणि वायरी दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या असतील तर पेसमेकर त्या मोडवर टाकून तपासणी करतात आणि नंतर परत मूळ मोडवर आणतात. ते परत आणलं का, हे विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी सर्जनना आधी सांगा.

तपासणीत मी काय बघते

छातीवर यंत्राचं डोकं ठेवते, पडद्यावर डबीतला सगळा हिशेब उघडतो. आधी गती हळूहळू कमी करते, खाली हृदयाचा स्वतःचा ठोका किती आहे ते पाहायला. या वेळी थोडं हलकं वाटू शकतं, तसं वाटलं की लगेच बोला, मी परत वाढवते. मग स्पंदाची ताकद उतरवते: अडीच, दोन, दीड, एक, पाऊण व्होल्ट. एका पायरीला पडद्यावर स्पंद दिसतो, पण त्यामागे ठोका येत नाही. तिथेच थांबायचं. त्याच्या वरची पायरी ही त्या वायरीची किमान गरज, आणि सुरक्षित राहावं म्हणून आम्ही साधारण दुप्पट ताकद लावून ठेवतो.

बसवल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी असणारी तपासणी चुकवू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. नव्या वायरीच्या टोकाशी सूज येते, म्हणून सुरुवातीला ताकद मुद्दाम जास्त, साडेतीन व्होल्टच्या आसपास ठेवलेली असते. सूज उतरल्यावर ती कमी करायची असते. काही नवे पेसमेकर हे आपोआप करतात, सगळे नाही. ती तपासणी झालीच नाही तर डबी विनाकारण जादा वीज खर्च करते आणि बॅटरी काही वर्षं आधी संपते. बरं वाटतंय म्हणून न येणाऱ्यांचं हे नुकसान मी डोळ्यांनी पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पुढे सहा महिने ते वर्षातून एकदा आलात तरी पुरतं.

रिपोर्टची प्रत मागून घ्या. बॅटरीची उरलेली वर्षं, प्रत्येक वायरीचा रोध ओहममध्ये, किमान गरजेचे व्होल्ट आणि खालच्या कप्प्याला किती टक्के ठोके पेसमेकरने दिले, एवढे चार आकडे वहीत उतरवा. रोध काही शे ओहम असतो. मागच्या वेळेपेक्षा एकदम फार वाढला तर वायर तुटल्याचा किंवा सैल झाल्याचा संशय, एकदम घसरला तर वेष्टन फाटल्याचा. टक्के शंभराच्या जवळ असतील तर अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून पंपिंग बघायला सांगतात. दोन वायरींचा पेसमेकर फिब्रिलेशनचे झटकेही टिपून ठेवतो. पेशंटला पत्ताही नसतो, पण ती नोंद पाहून डॉक्टर पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायची का, हे ठरवतात.

‘किती दिवस मिळतील?’ असं बरेच जण हळूच विचारतात. पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. सर्जन ओके सेनिंग, डबी बनवणारे रूने एल्मक्विस्ट. ती पहिली डबी काही तासांतच बंद पडली. लार्सन यांना पुढे वीसहून जास्त पेसमेकर लागले, आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. ही गोष्ट मी पेशंटला सांगते, कारण आजची डबी त्या डबीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

एक गोष्ट मात्र घरात कुणाला तरी माहीत असायलाच हवी. पेसमेकर असलेली व्यक्ती वारली तर अग्नी देण्याआधी डबी काढून घ्यावी लागते. तापली की बॅटरीचा स्फोट होतो. सरण असो की विद्युतदाहिनी, दोन्हीकडे. रुग्णालयातून देह नेताना किंवा घरी आलेल्या डॉक्टरांना सांगा, छोट्या छेदाचं काम आहे.

बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते, किती ते वापरावर ठरतं. ती एका रात्रीत संपत नाही. आधी बदलण्याची वेळ आल्याची खूण पडद्यावर येते आणि तिथून सहसा सुमारे तीन महिने हातात असतात. बॅटरी डबीत कायमची बंद असल्यामुळे आख्खी डबीच बदलावी लागते. वायरी ठीक असतील तर त्याच ठेवतात, त्यामुळे काम पहिल्या वेळेपेक्षा सोपं. मात्र जुनी जागा पुन्हा उघडली की संसर्गाची भीती थोडी जास्त असते. त्या तारखेला येताना जुनं कार्ड, शेवटचा रिपोर्ट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आणा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या.